लेक कायदा शिकली, वकील कधी होणार?

या अंकात आपल्या रेडिओवरची जी चर्चा छापतोय, तिची सुरुवात पेढ्यांपासून झाली. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी एलएलबी झाली. गावातली कायदा शिकलेली पहिली मुलगी! गटाच्या बैठकीत पेढे वाटले, नारळ दिला, फोटो काढला. तेवढ्यात मागं बसलेल्या आत्या उठल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझ्या वाटणीच्या दाव्याची तारीख सोमवारी हाय. आता परक्या वकिलाकडं कशाला जाऊ? आपली पोरगी उभी राहील."

मुलगी ओशाळली. म्हणाली, "आत्या, मला अजून कोर्टात उभं राहता येत नाही. मी अजून वकील नाही."

आत्यांनी हातातल्या पेढ्याकडं बघितलं. "मग हे पेढे कशाचे गं?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. आम्हालाही त्याचं नीट उत्तर माहीत नव्हतं. पुढचे चार महिने आम्ही ते शोधत होतो, कारण मध्येच त्यात पैशाचा आणि जमिनीचा प्रश्न येऊन पडला. तेव्हा जे कळलं ते आज सांगतो. ज्यांच्या घरात मुलगी कायदा शिकतेय त्यांच्या उपयोगाचं आहेच, आणि ज्यांना कधी ना कधी वकील करावा लागेल त्यांच्याही.

पदवी वेगळी, सनद वेगळी

नर्सिंग शिकलेल्या मुलीला कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. वकिलीचंही तसंच. बारावीनंतर पाच वर्षं किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं कायदा शिकला की पदवी मिळते. पदवी विद्यापीठ देतं आणि ती सांगते की ही मुलगी कायदा शिकली. पण कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडायची परवानगी विद्यापीठ देत नाही. ती राज्याची बार कौन्सिल देते. त्या परवानगीला आपल्याकडं सनद म्हणतात.

हे सगळं १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यात आहे. वय २१ पूर्ण असावं, मान्यताप्राप्त पदवी असावी, मग राज्याच्या बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. सनद नसताना कोर्टात वकिली केली तर याच कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे आत्यांच्या सोमवारच्या तारखेला ती मुलगी मायेपोटी उभी राहिली असती, तर दाव्याचं नुकसान झालं असतंच, शिवाय तीही अडचणीत आली असती.

महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींची बार कौन्सिल एकच आहे आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईला आहे. अर्जासोबत शिक्षणाचे दाखले, वयाचा पुरावा, प्रतिज्ञापत्रं लागतात. इथं एक गोष्ट लेकीच्या आयांनी आधीच बघावी. दहावीच्या दाखल्यावर, पदवीवर आणि आधार कार्डावर नाव एकसारखं आहे का? आपल्याकडं लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, असं झालं की अर्ज अडकतो. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा लग्नाचा दाखला हाताशी ठेवावा.

आता पैशाचं. कायद्यात नोंदणीची फी ७५० रुपये लिहिलेली आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये. पण अनेक राज्यांच्या कौन्सिल इतर नावांखाली बरंच जास्त घेत होत्या, काही ठिकाणी तर वीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नोंदणीसाठी कायद्यात लिहिली आहे त्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. वर मुद्रांक शुल्क लागतं तेवढं भरावं लागतं. तेव्हा "सनदेला अमुक हजार लागतात, माझ्याकडं द्या, मी काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी पावती कुणाच्या नावानं मिळणार ते विचारा.

सनद मिळाली तरी एक परीक्षा राहते. तिला अखिल भारतीय बार परीक्षा म्हणतात आणि ती बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला पर्याय दिलेले, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. टिपणं नसलेली कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात. उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि इतर मागास वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागते. तोवरची सनद तात्पुरती असते.

आणखी एक अट आहे. पूर्ण वेळ पगाराची नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. सनद घेतली आणि मग बँकेत लागली, तर कौन्सिलला कळवून सनद थांबवून ठेवावी लागते. नोकरी सोडली की परत सुरू करता येते. लपवून दोन्ही करू नये.

आपल्या सीमेवरच्या बायांचा प्रश्न

आमचा तालुका चंदगड. एका अंगाला बेळगाव, घाट उतरला की गोवा. लेकी तिन्हीकडं दिल्या जातात. त्यामुळं बैठकीत लगेच प्रश्न आला, "पोरगी बेळगावात कायदा शिकली, मग तिनं सनद कर्नाटकाची घ्यायची का?"

उत्तर सोपं आहे. शिकली कुठं याला महत्त्व नाही, वकिली कुठं करणार हे बघायचं. ज्या राज्यात काम करायचा विचार आहे, त्या राज्याच्या कौन्सिलकडं अर्ज करावा, असं कायदाच सांगतो. बेळगावात शिकून कोल्हापूरला काम करायचं असेल तर सनद महाराष्ट्र-गोवा कौन्सिलची घ्यावी. एका वेळी एकाच राज्याच्या यादीत नाव ठेवता येतं, दोन राज्यांच्या नाही.

"मग लग्न होऊन कर्नाटकात गेली तर शिक्षण वाया?" दुसरीनं विचारलं. अजिबात नाही. एका राज्याच्या यादीतलं नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत हलवता येतं आणि त्यासाठी फी नाही, असं कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. आणि नाव हलवलं नाही तरी सनदवाल्या वकिलाला भारतातल्या कुठल्याही कोर्टात काम करायचा हक्क आहे. हा हक्क लिहिला गेला १९६१ मध्ये, पण ते कलम प्रत्यक्ष लागू झालं १५ जून २०११ पासून. पन्नास वर्षं ते कागदावरच होतं.

मात्र हक्क आहे म्हणून काम येतंच असं नाही. बेळगावच्या खालच्या कोर्टात कामकाज कन्नडमध्ये चालतं. साक्षीदाराचा जबाब, पोलिसांचे कागद, जमिनीचे उतारे सगळं कन्नड. कन्नड वाचता न येणाऱ्या वकिलानं तिथं काय करायचं? शिवाय प्रत्येक उच्च न्यायालयाचे आपले नियम असतात. बाहेरच्या राज्यातल्या वकिलानं स्थानिक वकील सोबत घ्यावा, असंही काही ठिकाणी आहे.

गोव्याची गंमत उलटी. तिथं कौन्सिल तीच, उच्च न्यायालयही मुंबईचंच, त्याचं गोव्यात खंडपीठ आहे. भाषाही आपल्या कानाला जवळची. पण कायदा वेगळा. लग्न, मिळकत आणि वारसा यांना गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेचा वारसा आहे. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत तिथं सहसा दोघांची निम्मी-निम्मी धरतात. आपल्याकडं तसं नाही. म्हणजे गोव्याला दिलेल्या लेकीच्या मिळकतीचा वाद असेल, तर चंदगडच्या वकिलाकडं सनद असूनही तिथला कायदा माहीत असेलच असं नाही. वकील करताना विचारायला लाजू नका, "ताई, गोव्याच्या अशा किती केसेस चालवल्यात?"

लंडनचं पत्र

आता पैशाच्या आणि जमिनीच्या गोष्टीकडं येतो. निकालानंतर दोन महिन्यांनी त्या मुलीच्या घरी एक माणूस आला. परदेशी शिक्षणाची व्यवस्था करून देतो म्हणाला. लंडनला एक वर्षाचं एलएलएम करायचं, मग तिथंच वकिली, पौंडात कमाई. आगाऊ एक लाख द्या, बाकीचं बँकेतून काढू, जमीन तारण ठेवू. मुलीचे वडील तयार झाले. आई गटाकडं आली, अंतर्गत कर्जातून काही रक्कम मिळेल का म्हणून.

गटात दोन तट पडले. काही म्हणाल्या, पोरीचं भलं होतंय, आडवं येऊ नये. पुन्हा आत्यांनीच तोंड उघडलं. "इथं पदवी मिळाली तरी वकील नाही म्हणाली. तिथं पदवी मिळाली की लगेच वकील होते का?"

आम्ही चौकशी केली. आत्यांची शंका बरोबर निघाली.

नियम तिथंही हाच आहे. पदवी वेगळी, परवानगी वेगळी. एलएलएम ही अभ्यासाची पदवी आहे. ती चांगली असते, तिचा उपयोगही असतो, पण नुसत्या तिच्यावर इंग्लंडच्या कोर्टात वकील होता येत नाही. इंग्लंडमध्ये वकिलांचे मुख्य दोन प्रकार आहेत. पक्षकाराला भेटणारा, कागदपत्रं करणारा तो सॉलिसिटर. मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा तो बॅरिस्टर. सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एक नवी परीक्षा आहे. तिचे दोन भाग. पहिल्यात ३६० प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाची परीक्षा: पक्षकाराशी बोलणं, बाजू मांडणं, मसुदा लिहिणं. दोन्ही भागांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. यात शिकवणी, प्रवास, राहणं धरलेलं नाही.

इथं एक मुद्दा फार कामाचा आहे. नव्या उमेदवाराला परीक्षेशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. पण जी आपल्या देशात आधीच सनदवाली वकील आहे, तिला ही दोन वर्षांची अट नाही. तिला अनुभव असेल तर परीक्षेच्या दुसऱ्या भागातून सूट मागायचीही सोय आहे. म्हणजे आधी इथली सनद, मग तिथली परीक्षा, हा रस्ता स्वस्त आणि जवळचा. त्या माणसानं हे सांगितलंच नव्हतं. आणि इतकं करून मिळणारी परवानगी इंग्लंड आणि वेल्सपुरतीच. स्कॉटलंडचं वेगळं, उत्तर आयर्लंडचं वेगळं.

अमेरिकेत तर राज्याराज्याचं वेगळं. न्यूयॉर्क राज्यात परदेशी पदवीची तपासणी होते. पदवी तिथल्या नियमात थोडी कमी पडली, तर तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातलं एलएलएम करून ती उणीव भरता येते. मग दोन दिवसांची परीक्षा. म्हणजे इथं एलएलएमचा उपयोग होतो, पण परीक्षेला बसण्यापुरता. कॅलिफोर्नियात आपल्या देशात सनद असलेल्याला एलएलएम न करताही परीक्षेला बसता येतं. कॅनडात एक राष्ट्रीय समिती परदेशी पदवी तपासून कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते ठरवते. त्यानंतर ज्या प्रांतात काम करायचं, त्या प्रांताची परवानगी घ्यायची. ऑस्ट्रेलियातही राज्याच्या मंडळाकडं जावं लागतं. कुठंही जा, कायदा त्या भूमीचा, म्हणून परवानगीही त्या भूमीची.

मग बॅरिस्टर होऊन आले ते कसे?

रेडिओवर हे सांगितलं तेव्हा एका काकूंचा फोन आला. "बाबासाहेब लंडनला बॅरिस्टर झाले आणि मुंबईत वकिली केली की. ते कसं चाललं?"

काकू, प्रश्न चांगला आहे. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. लंडनचा बॅरिस्टर इथल्या उच्च न्यायालयात थेट नाव नोंदवू शकत होता. इथं मात्र वकील, प्लीडर, मुखत्यार असे वरचे-खालचे अनेक दर्जे होते आणि कोण कुठल्या कोर्टात उभा राहील ते त्यावर ठरायचं. १९६१ च्या कायद्यानं हे दर्जे मोडून एक यादी केली. बॅरिस्टरांची जुनी सवलतही संपली. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत जे बॅरिस्टर झाले, त्यांनाच त्या आधारावर इथं नोंदणीची मुभा राहिली. त्यानंतर लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्यालाही इथली वाट वेगळी चालावी लागते. आज परदेशात कायदा शिकून आलेल्या भारतीय मुलीची पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेल्या विद्यापीठाची हवी. तिला कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते, मग सनद, मग बार परीक्षा. म्हणून बाहेर शिकायला पाठवण्याआधीच विचारायचं, पोरगी परत येणार असेल तर ही पदवी इथं चालेल का?

आणि मैत्रिणींनो, बायांसाठी तर हे दार आणखी उशिरा उघडलं. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये आपल्या नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं. ती त्यांना १९२२ मध्ये मिळाली, तीस वर्षांनी. इथं परत आल्या तर बाई म्हणून वकिलीची परवानगी नाही. पडद्यातल्या बायकांच्या मिळकतीसाठी त्या वर्षानुवर्षं झटल्या, पण वकील म्हणून नाही. १९२३ च्या कायद्यानं बाई आहे एवढ्या कारणावरून वकिली नाकारायची नाही, असं ठरलं. तेव्हा त्यांचं वय साठीकडं झुकलं होतं.

कर्ज देण्याआधीचे प्रश्न

आमच्या गटानं त्या माणसाला बोलावून घेतलं आणि पाच प्रश्न विचारले. तुमच्या घरी असा कुणी आला तर तुम्हीही विचारा.

एक. हा अभ्यासक्रम संपल्यावर पोरगी नेमक्या कुठल्या कोर्टात उभी राहू शकेल?
दोन. त्यासाठी आणखी कुठली परीक्षा, ती कोण घेतं, फी किती?
तीन. तिथं काम करायला व्हिसा किती दिवसांचा मिळतो? वकिलीची परवानगी आणि राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
चार. परत आली तर इथं ही पदवी मान्य आहे का? कुठं लिहिलंय ते दाखवा.
पाच. आगाऊ रकमेची पावती कुणाच्या नावानं, आणि प्रवेश झाला नाही तर पैसे परत मिळतील हे लेखी देणार का?

पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला, "लंडनला सगळीकडे चालतं." पाचव्याला चहा न घेताच उठला. एक लाख वाचले, जमीन वाचली.

आम्ही परदेशी शिक्षणाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी राज्य शासनाच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. जिला खरंच जायचंय तिनं जरूर जावं, पण रस्ता बघून जावं.

शेवटी त्या मुलीचं काय झालं? गटानं तिला वीस हजार कर्ज दिलं. सनदेचे कागद, मुंबईच्या खेपा, परीक्षेची फी, काही पुस्तकं आणि एक काळा कोट, एवढ्यात भागलं. परीक्षा ती पहिल्या खेपेत पास झाली. आता तालुक्याला एका मोठ्या वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. पहिली दोन-तीन वर्षं मिळकत फार नसते, हे घरच्यांनी समजून घ्यावं. नव्या वकिलांना गावाकडं महिना १५ हजार तरी द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये केली आहे, पण ती सक्ती नाही. या काळात "एवढं शिकून काय कमावतेस" असं बोलू नका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. आमच्या पोरींना मुंबईला न जाता उच्च न्यायालयाचं काम शिकायची सोय झाली.

जाता जाता आपल्या सगळ्यांसाठी दोन गोष्टी. वकील करताना सही करता त्या वकीलपत्रावर सनदेचा क्रमांक असतो. तो बघा, लिहून घ्या. आणि पैसे नाहीत म्हणून वकिलाशिवाय राहू नका. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मागायचा हक्क आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

आत्यांचा वाटणीचा दावा अजून चालू आहे. मागच्या तारखेला वकीलपत्रावर मोठ्या वकीलबाईंच्या नावाखाली आमच्या पोरीचं नाव आणि सनद क्रमांक आला. आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो क्रमांक बोटानं दाखवायला लावला आणि म्हणाल्या, "आता पेढे द्या."